मनगट मागे पडू नये म्हणून: टेनपिन बोलिंगमधील रिस्ट सपोर्ट

टेनपिन बोलिंग शिकणाऱ्या नवख्या खेळाडूच्या हाताकडे बाजूने पाहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. मागे गेलेला हात पुढे येत असताना, झोक्याच्या अगदी तळाशी त्याचे मनगट मागच्या बाजूला पडते, चेंडूच्या मागे राहायला हवा असलेला पंजा चेंडूच्या वर येतो, आणि अंगठा व बोटे जवळजवळ एकाच वेळी भोकांतून निसटतात. चेंडू सरळ जातो, पहिल्या पिनला लागतोही, पण मागच्या कोपऱ्यांतल्या पिना उभ्याच राहतात. खेळाडूची ताकद कमी पडली, असा निष्कर्ष अशा वेळी सहज काढला जातो. माझ्या मते तो बहुतेकदा चुकीचा असतो, कारण मनगट मागे पडण्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे आणि चांगल्या दणकट माणसालाही ते चकवते. मनगटाला बांधायचा आधार, म्हणजे रिस्ट सपोर्ट, नेमका याच ठिकाणी उपयोगी पडतो. मात्र त्याचा उपयोग कुठवर होतो आणि कुठे थांबतो, हे कळण्यासाठी आधी चेंडूचा प्रवास समजून घ्यावा लागेल.

फाउल रेषेपासून, म्हणजे चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंतचे अंतर 60 फूट, म्हणजे सुमारे 18.3 मीटर असते. लेनची, म्हणजे चेंडू जिच्यावरून जातो त्या मार्गाची, रुंदी साधारण 105 सेंटिमीटर असून ती 39 अरुंद पट्ट्यांची मानली जाते. पिन 15 इंच उंच आणि दीड किलोग्रॅमपेक्षा थोडी अधिक वजनाची असते, तर चेंडूचे वजन जास्तीत जास्त 16 पौंड, म्हणजे 7.26 किलोग्रॅम असू शकते. चेंडू पिनच्या चार-पाचपट जड असला, तरी प्रत्येक धडकेसरशी तो थोडा बाजूला ढकलला जातो. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू पहिल्या आणि तिच्या मागे उजवीकडे असलेल्या तिसऱ्या पिनच्या मधल्या जागेत, म्हणजे पॉकेटमध्ये शिरतो, तेव्हा आदर्श स्ट्राइकमध्ये, म्हणजे एकाच फेकीत दहाही पिना पडताना, तो स्वतः केवळ चार पिनांना स्पर्श करतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. उरलेल्या सहा पिना पिनांच्याच धक्क्याने पडतात. चेंडू फार सरळ आत आला, तर पहिल्या पिनला लागून तो बाहेर ढकलला जातो आणि पाचव्या पिनपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून तो तिरका आत यावा लागतो, आणि हा तिरकेपणा सहा अंशांच्या आसपास असेल तर स्ट्राइकची शक्यता चांगली वाढते. सरळ टाकलेला चेंडू लेनच्या अगदी कडेवरून सोडला, तरी त्याला जेमतेम दीड अंशाचा कोन मिळतो. उरलेला कोन मिळवायचा, तर चेंडू वाटेत वळायला हवा.

चेंडू वळतो तो फिरकी आणि घर्षण यांच्या जोडीमुळे. लेनच्या पहिल्या साधारण 40 फुटांवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो आणि पुढचा भाग कोरडा असतो. तेलावर घर्षण फार कमी असल्यामुळे चेंडू फिरत असूनही बराचसा घसरतच पुढे जातो. कोरड्या भागात घर्षण कित्येक पटींनी वाढते, तिथे चेंडूचा पृष्ठभाग लाकडाला किंवा कृत्रिम लेनला धरू लागतो, आणि फिरकीचा अक्ष तिरपा असल्यामुळे चेंडू वळून पॉकेटकडे येतो. या वळणाला खेळाडू हूक म्हणतात. येथे एक हिशेब मला फार बोलका वाटतो. चेंडूचा परीघ सुमारे 68 सेंटिमीटर असतो, त्यामुळे सेकंदाला 8 मीटर वेगाने जाणारा चेंडू अजिबात न घसरता गडगडला, तर त्याला मिनिटाला सुमारे 700 फेरे घ्यावे लागतील. चांगल्या खेळाडूच्या हातून सुटताना तो मिनिटाला 300 च्या आसपासच फेरे घेत असतो. फेऱ्यांमधली ही तूट लेनवरचे घर्षण हळूहळू भरून काढते, आणि ती भरून निघत असतानाच चेंडू वळतो. हाताने दिलेली फिरकी फारच कमी असेल किंवा तिचा अक्ष तिरपा नसेल, तर घर्षणाला वळवण्यासारखे काही उरतच नाही.

ही फिरकी देण्याचे काम मधले बोट आणि अनामिका करतात. नीट सुटलेल्या चेंडूतून अंगठा आधी बाहेर पडतो. त्यानंतर क्षणभर चेंडू फक्त दोन बोटांवर असतो, आणि त्या क्षणात बोटे चेंडूच्या मागून, थोडी बाजूने, वर खेचली जातात. पंजा चेंडूच्या मागे आणि खाली असेल, तरच हे घडू शकते. मनगट किंचित आत वळलेले असेल, तर अंगठा लवकर सुटतो आणि बोटांना अधिक काळ मिळतो. मनगट सरळ असेल, तर मध्यम फिरकी मिळते. मनगट मागे पडलेले असेल, तर अंगठा आणि बोटे बरोबरच सुटतात आणि बोटांना खेचायला काही उरत नाही.

मग मनगट मागे का पडते? हात खाली सोडून, तळवा पुढे करून, चेंडू पकडल्याची कल्पना करावी. चेंडूची त्रिज्या जवळपास 11 सेंटिमीटर असल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य तळव्याच्या सुमारे 10 सेंटिमीटर पुढे असतो. टांगलेल्या कोणत्याही वस्तूप्रमाणे तो मध्य टांगणीच्या बिंदूखाली, म्हणजे मनगटाच्या सरळ खाली येऊ पाहतो, आणि तिथे येण्यासाठी त्याला मागे सरकावे लागते. म्हणजेच मनगट मागे पडणे ही चेंडूच्या दृष्टीने विश्रांतीची अवस्था आहे. मनगट सरळ ठेवणे म्हणजे त्याला या विश्रांतीपासून अडवून धरणे होय, आणि ते काम अग्रबाहूतल्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागातल्या, मनगट आत वळवणाऱ्या स्नायूंना करावे लागते.

हात स्थिर असताना हे काम फारसे अवघड नसते. 14 पौंडी, म्हणजे सुमारे 6.35 किलोग्रॅमच्या चेंडूसाठी मनगटाला मागे फिरवू पाहणारा जोर सुमारे 6 न्यूटन-मीटर भरतो. झोक्यात मात्र चित्र पालटते. खांद्याच्या तुलनेत चेंडूचा वेग सेकंदाला 6 मीटर आणि खांद्यापासून चेंडूच्या मध्यापर्यंतचे अंतर 75 सेंटिमीटर धरले, तर त्याला वर्तुळाकार मार्गावर ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल चेंडूच्या वजनाच्या जवळपास पाचपट येते. त्यात मूळ वजन मिळवले की झोक्याच्या तळाशी हाताला बसणारा ओढा सहापट होतो. सुमारे 37 किलोग्रॅमचे ओझे क्षणभर हाताला लटकावे, तसा हा ओढा असतो. मनगट त्या क्षणी अगदी सरळ असेल, तर त्याला मागे फिरवणारा जोरही त्याच प्रमाणात वाढून 35 न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात खेळाडू कोपर किंचित वाकवून किंवा झोक्याची लय बदलून हा भार कमी करतात. तरीही मनगटाच्या स्नायूंना एकट्याने पेलणे कठीण जावे इतका तो मोठा आहे, आणि तो येतो नेमका चेंडू सोडण्याच्या वेळी.

यात शरीररचनेचीही एक अडचण आहे. मनगट म्हणजे एक सांधा नसून आठ लहान अस्थींच्या दोन ओळी, त्यांना बांधणारे अस्थिबंध आणि वरून जाणाऱ्या कंडरा यांची गुंतागुंतीची रचना आहे. बोटे मिटवणारे स्नायू अग्रबाहूत असतात आणि त्यांच्या कंडरा मनगट ओलांडून बोटांपर्यंत जातात. त्यामुळे मनगटाच्या स्थितीवर पकडीची ताकद अवलंबून राहते. मनगट थोडे मागे असताना पकड सर्वांत घट्ट बसते आणि आत वळवले की ती सैल पडू लागते, हे मूठ आवळून कोणालाही स्वतःवर पडताळता येईल. म्हणजे फिरकीसाठी जी स्थिती हवी, तीच पकडीसाठी गैरसोयीची आहे, आणि चेंडू निसटेल या भीतीने खेळाडू अंगठ्याने भोक आवळू लागला, की अंगठा उशिरा सुटून सगळा फायदा वाया जातो.

रिस्ट सपोर्ट या ओढाताणीतला एक भाग स्वतःवर घेतो. त्याचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला ताणल्या जाणाऱ्या कापडाचा पट्टा असतो. त्याने उबदारपणा आणि थोडा दाब मिळतो, शिवाय मनगटाच्या स्थितीची जाणीव सतत जागी राहते, पण वरचा जोर तो अडवू शकत नाही. दुसऱ्या प्रकारात हातमोज्यासारख्या आवरणात धातूची किंवा कडक प्लॅस्टिकची पट्टी असते, आणि ती पंजाच्या पाठीपासून अग्रबाहूपर्यंत जाते. मनगट मागे पडू लागले, की पट्टीची दोन टोके अग्रबाहूवर आणि पंजाच्या पाठीवर टेकतात आणि भार स्नायूंऐवजी पट्टीवर जातो. तिसऱ्या प्रकारात सांधे आणि खुंट्या असलेली धातूची यंत्रणा असते. तिने मनगट किती आत वळवायचे आणि कधी कधी बाजूला किती झुकवायचे, हे ठरावीक टप्प्यांत बसवता येते. काही नमुन्यांत तर्जनीलाही आधार दिलेला असतो.

यांपैकी कोणताही आधार चेंडूला फिरकी देत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तो फक्त पंजा योग्य जागी धरून ठेवतो, खेचण्याचे काम बोटांचेच राहते. त्याची खरी देणगी सातत्य ही आहे. सोडताना दिशेत एका अंशाची चूक झाली, तर 60 फुटांवर चेंडू सुमारे 32 सेंटिमीटर, म्हणजे लेनच्या जवळपास बारा पट्ट्या बाजूला जातो. पॉकेटवर अचूक बसायचे, तर चूक एका पट्टीपेक्षाही कमी असावी लागते. खांदा, कोपर, अग्रबाहू, मनगट आणि बोटे या प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी चूक होऊ शकते आणि त्या सगळ्यांची बेरीज लेनवर दिसते. मनगट पक्के बांधले, की त्या साखळीतली सर्वांत चंचल कडी स्थिर होते. शिकणाऱ्याला त्याचा मोठा लाभ असा, की चेंडू चुकला तर दोष पावलांत होता, झोक्यात होता की नजरेत होता, हे शोधणे सोपे जाते.

अनुभवी खेळाडूच्या बाबतीत मात्र हाच गुण मर्यादा ठरतो. मिनिटाला 400 फेऱ्यांहून अधिक फिरकी देणारे खेळाडू मनगट एकाच कोनात धरून ठेवत नाहीत. झोक्यात ते आत वळलेले असते आणि सोडण्याच्या क्षणी वेगाने उलगडते, आणि या उलगडण्यातूनच बोटांना जादा गती मिळते. कडक आधार मनगटाला मागे पडू देत नाही, तसा हा उलगडाही होऊ देत नाही. दोन हातांनी खेळणाऱ्यांनी या पेचावर वेगळा मार्ग काढलेला दिसतो. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी अंगठा भोकात घालतच नाही आणि दुसरा हात जवळजवळ शेवटपर्यंत चेंडूवर ठेवतो. तो दुसरा हात आधारासारखाच चेंडूचा भार घेतो आणि ऐन वेळी बाजूला होतो, त्यामुळे मनगटाला स्थैर्य आणि मोकळीक दोन्ही मिळतात. पट्टीला ऐन वेळी असे बाजूला होता येत नाही.

आधार निवडताना आणि वापरताना काही गोष्टींकडे बारकाईने लक्ष द्यावे. अनेक सपोर्टमध्ये तळव्याच्या बाजूला गादी असते. तिच्यामुळे तळवा आणि चेंडू यांतले अंतर बदलते आणि भोकांपर्यंतची बोटांची पोच कमी-जास्त होते, म्हणून भोकांचे माप सपोर्ट घालूनच तपासून घ्यावे. बोटे बधिर होतील इतका पट्टा कधीही आवळू नये, आणि दोन फेकींच्या मध्ये तो सैल करण्याची सवय ठेवावी. कोन बदलता येणाऱ्या यंत्रणेत सुरुवात सरळ मनगटापासून करावी. पहिल्याच दिवशी सर्वाधिक वळणाचा टप्पा लावला, तर चेंडू पॉकेट ओलांडून पलीकडे जातो आणि अग्रबाहू विनाकारण दुखतो. उरलेली एखादी कोपऱ्यातली पिन पाडताना फिरकीची गरज नसते, तिथे सरळ चेंडूच अधिक भरवशाचा, म्हणून त्या फेकीसाठी कोन कमी करणे शहाणपणाचे ठरते.

दुखण्याच्या बाबतीत मी अधिक सावध राहण्याचा आग्रह धरेन. सपोर्ट मनगटावरचा भार कमी करतो, पण दुखापत बरी करत नाही. अंगठ्याच्या मुळाशी वारंवार होणाऱ्या घर्षणाने तिथल्या चेतातंतूवर दाब येऊन बधिरपणा किंवा मुंग्या येण्याचा एक विकार बोलिंग खेळणाऱ्यांत आढळतो, आणि त्याचा संबंध भोकाच्या कडेशी व मापाशी असतो, मनगटाच्या आधाराशी नाही. दुखणे टिकून राहिले, तर पट्टा अधिक घट्ट बांधून खेळत राहण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

आधाराने आपल्या खेळात नेमका काय फरक पडला, हे मोजणे आता अवघड राहिलेले नाही. चेंडूवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा आणि मोबाईलच्या संथगती चित्रीकरणात सोडल्यानंतरचे फेरे मोजावेत. सेकंदाला 240 चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात पट्टीच्या तुकड्याला एक फेरा पूर्ण करायला 48 चित्रे लागली, तर चेंडू मिनिटाला 300 फेरे घेतो आहे. दुसरे चित्रीकरण बाजूने करावे आणि झोक्याच्या तळाशी पंजा चेंडूच्या मागे आहे की वर, हे पाहावे. सपोर्टसह दहा फेकी आणि सपोर्टविना दहा फेकी अशी नोंद काही आठवडे ठेवली, तर दोन्हींतले अंतर कमी होत आहे का, हे आकड्यांतच दिसेल. ते कमी होत असेल, तर स्नायू ती स्थिती शिकत आहेत. ते तसेच राहिले, तर सरावाचा काही भाग हलक्या चेंडूने आणि मोकळ्या मनगटाने करावा, कारण चेंडू दोन पौंडांनी हलका झाला की मनगटावरचा तो सहापट ओढाही त्याच प्रमाणात उतरतो.