वाळवण किती वाळलं, हे हवा ठरवते

एप्रिलमध्ये नाशिकच्या गच्चीवर पसरलेल्या कांद्याच्या चकत्या दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात. त्याच चकत्या जुलैत घरात पंख्याखाली ठेवल्या, तर आठवडा उलटला तरी चिवट राहतात आणि त्याआधीच त्यांना वास येऊ लागतो. यात उन्हाचा वाटा आहेच, पण खरा निर्णय हवेतल्या बाष्पाचा असतो. उघड्यावरचा पदार्थ आणि हवा यांच्यात पाण्याची देवघेव चालू असते. दोन्हींची बरोबरी झाली की ती थांबते. हवेची सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल, तर त्या हवेत पदार्थ महिनाभर ठेवला तरी त्या बरोबरीच्या खाली सुकणार नाही.

या बरोबरीचं माप म्हणजे जलक्रियता: बरोबरी होते तेव्हाची हवेची आर्द्रता, शंभराने भागलेली. 80 टक्के म्हणजे 0.8. शुद्ध पाण्याची जलक्रियता 1 आणि ताज्या भाजीची 0.98 च्या आसपास. बहुतेक जिवाणू 0.91 च्या खाली वाढत नाहीत. स्टॅफिलोकॉकससारखा चिवट जिवाणू 0.86 च्या आसपास थांबतो. बुरशा मात्र 0.70 पर्यंत आणि त्यांच्या मोजक्या जाती 0.61 पर्यंतही तग धरतात. 0.60 च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. आता नाशिकची हवा पाहा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते, म्हणजे ती हवा पदार्थाला 0.2 च्या जवळ नेऊ शकते. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर राहते. तेव्हा नुसत्या हवेवर वाळवलेला पदार्थ 0.60 च्या खाली जाण्याचा प्रश्नच येत नाही.

संध्याकाळ झाली की वाळवण आत घ्यावं ही घरोघरची शिस्त यातूनच आली आहे. सूर्य कलला की हवा थंड होते, तिची आर्द्रता चढते आणि दिवसभरात गेलेल्या पाण्यातलं थोडं परत येतं. बरण्या भरण्याची वेळही दुपारचीच हवी. ताटावरचं वाळवण तीन-चारच्या सुमारास उचलावं, कापडाने झाकून निवू द्यावं आणि लगेच बरणीत घालावं. गरम असतानाच झाकण लावलं तर आत वाफ धरते. रात्रभर उघडं ठेवून सकाळी भरलं तर दिवसाची मेहनत वाया जाते.

पावसाळ्यात वाळवायचंच असेल तर हवा तापवावी लागते. 30 अंश सेल्सिअस आणि 80 टक्के आर्द्रतेची हवा 50 अंशांपर्यंत तापवली, की तीच हवा सुमारे 28 टक्के आर्द्रतेची होते. तिच्यातलं बाष्प तेवढंच असतं, पण तापलेल्या हवेत आणखी कितीतरी बाष्प मावू शकतं. विजेचा ड्रायर हेच करतो. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 0.66 युनिट ऊर्जा लागते, आणि बरीच उष्णता बाहेर निघून जात असल्याने प्रत्यक्ष वीज याच्या दुप्पट-तिप्पट धरावी.

उन्हात हीच ऊर्जा फुकट मिळते. नाशिकच्या उन्हाळ्यात एक चौरस मीटरवर दिवसाला सुमारे 6 युनिट ऊर्जा पडते. साध्या पेटीड्रायरने तिच्यातली चौथाई वापरली तरी दोन लिटरहून अधिक पाणी निघतं, म्हणजे अडीच किलो चिरलेला कांदा एका दिवसात वाळू शकतो. पेटी प्लायवुडची, तळाला काळा रंग दिलेला पत्रा, वर दक्षिणेकडे साधारण 20 अंश उतरती काच. पुढच्या बाजूला खाली आणि मागच्या बाजूला वर हवेची भोकं हवीतच. भोकं नसली की काचेला आतून थेंब धरतात आणि तेच पाणी ताटावर पडतं. आतल्या चाळणीला स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लॅस्टिकची जाळी वापरावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी स्वस्त पडते, पण टोमॅटो आणि कैरीतलं आम्ल जस्त विरघळवून अन्नात आणतं. आत एक थर्मामीटर टांगावा. भाज्यांसाठी 50 ते 60 अंश, कोथिंबीर-पुदिन्यासाठी 40 अंशांच्या आत.

तापमान जास्त ठेवलं की काम लवकर होईल, ही समजूत सगळ्यात महागात पडते. सुरुवातीलाच खूप तापवलं तर चकतीचा वरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी कोंडतं. बाहेरून खडखडीत वाटणारा असा तुकडा डब्यात गेला की आतला ओलावा हळूहळू बाहेर येतो आणि पंधरवड्यात बुरशी दिसते. पहिले दोन-तीन तास पृष्ठभागावरचं पाणी उडत असतं, तेव्हा वाहती हवा महत्त्वाची. नंतर आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो आणि तिथे जाडी निर्णायक ठरते. चकती दुप्पट जाड झाली तर या टप्प्याला जवळजवळ चौपट वेळ लागतो. विळीवर एक चकती 3 मिलिमीटरची आणि दुसरी 6 ची निघाली, तर एकाच ताटात एक करपते आणि दुसरी ओली राहते. त्यामुळे किसणीच्या पात्याने एकसारख्या चकत्या पाडणं केव्हाही चांगलं.

वाळलं की नाही हे हाताने कळतं, पण पुरतं नाही. गरम असताना चकती मऊ लागते, निवल्यावर कडक होते. म्हणून वजनकाटा वापरावा. हिशेब सोपा आहे: वाळवताना पाणी जातं, घन भाग तेवढाच राहतो. आपल्या लाल कांद्यात घन भाग साधारण 12 टक्के असतो. शेवटी 6 टक्के पाणी ठेवायचं, तर सोलून चिरलेल्या एक किलो कांद्याचे 128 ग्रॅम व्हायला हवेत. काट्यावर 160 दिसले तर चकत्या कितीही वाजत असोत, अजून वाळवायचं आहे. टोमॅटोत घन भाग 6 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किलोचे सुमारे 64 ग्रॅम. वाणानुसार थोडा फरक पडतो, म्हणून वजनाच्या जोडीला मोडून पाहण्याची परीक्षाही ठेवावी: निवलेली चकती वाकली नाही पाहिजे, तुटली पाहिजे. वाळवणाच्या कारखान्यांना पांढरा कांदा का लागतो, तेही यावरून कळेल. त्याच्यात घन भाग जास्त असतो, म्हणून तेवढ्याच पाण्याच्या खर्चात माल अधिक निघतो.

कांदा आणि लसूण कधीही उकळत्या पाण्यातून काढू नयेत. चिरताना ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्यांचा तिखट वास तयार होतो, ते विकर उष्णतेने निकामी होतं. गवार, गाजर, मटार, कोबी यांचं उलट आहे. त्यांच्यातली विकरं वाळल्यावरही सावकाश काम करत राहतात आणि सहा महिन्यांत भाजीला गवतासारखा वास येतो, रंग उडतो. या भाज्या मोदकपात्रात वाफवाव्यात: कोबी 2 मिनिटं, गाजर-मटार 3, कोवळी गवार 4. मग लगेच थंड पाण्यात बुडवून निथळून घ्याव्यात. वाफेऐवजी उकळतं पाणी वापरलं तर क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जास्त जातं. हिरवा रंग टिकावा म्हणून खायचा सोडा घालण्याची सवय मात्र सोडावी, कारण सोड्याने क जीवनसत्त्व नष्ट होतं. मेथी आणि कोथिंबीर थेट उन्हात घालू नयेत. सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ सुती कापडावर पसरावीत.

द्राक्षांची गोष्ट निराळी. मण्यावर मेणाचा थर असतो आणि तो पाणी आत अडवतो. बेदाणा करणारे शेतकरी लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर डिपिंग ऑइल मिसळून घड 2 ते 4 मिनिटं बुडवतात आणि शेडमधल्या जाळ्यांवर दोन आठवड्यांच्या आसपास सावलीत वाळवतात. घरी दोन-तीन किलोंसाठी मणी 30 सेकंद उकळत्या पाण्यात आणि लगेच थंड पाण्यात घातले तरी सालीला बारीक भेगा पडतात. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो. बेदाण्यात 15 टक्के पाणी चालतं, कारण साखर ते पाणी धरून ठेवते. कांद्याची पूड तेवढ्या ओलाव्यावर गोळा होईल आणि काळवंडेल.

ताटावरून थेट कायमच्या डब्यात काहीही घालू नये. आधी काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरावं, आठवडाभर रोज हलवावं आणि काचेकडे पाहावं. तुकड्यांतला कमी-जास्त ओलावा यात सारखा होतो. काचेला दमटपणा दिसला की परत ताटावर. बुरशी दिसली तर मात्र बरणीतलं सगळं फेकावं, नुसता वरचा थर नव्हे. ॲस्परजिलस बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष शिजवून जात नाही. मिरची आणि शेंगदाण्याच्या बाबतीत हे विशेष सांभाळावं.

उन्हात उघड्यावर वाळलेल्या मालात किड्यांची अंडी असू शकतात. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये पिशवी घट्ट बंद करून 48 तास ठेवली की ती मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरतं. साठवायला एका मोठ्या डब्याऐवजी 100-150 ग्रॅमच्या छोट्या बरण्या घ्याव्यात. पावसाळ्यात झाकण उघडलं की दर वेळी दमट हवा आत जाते. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या फक्त कडकडीत वाळलेल्या मालात टाकाव्यात. 10 टक्क्यांहून जास्त ओलाव्याच्या मालात हवा काढून टाकली, तर बोटुलिनमसारख्या ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या घातक जिवाणूला वाट मिळू शकते. म्हणून बेदाण्यात त्या नकोत.

गोदावरीला 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये मोठे पूर आले. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात अतिवृष्टीत रस्ते बंद पडतात. अशा वेळी दोन-तीन दिवसांच्या जेवणाला वाळवण उपयोगी पडतं, ते हलकं असतं आणि त्याला फ्रीज लागत नाही म्हणून. चार जणांच्या एका वेळच्या खिचडीला 300 ग्रॅम तांदूळ-मूगडाळ, 15 ग्रॅम वाळलेला कांदा, 10 ग्रॅम टोमॅटोची पूड आणि 10 ग्रॅम मेथी पुरते. कांदा आधी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवावा. मीठ आणि टोमॅटो नंतर घालावेत, कारण त्यांच्यामुळे तुकडे फुगायला वेळ लागतो. भिजवलेली भाजी ताज्या भाजीइतकीच नाशवंत, ती दोन तासांच्या आत शिजली पाहिजे. या खिचडीला एकूण दीड लिटर पाणी लागतं, आणि पुरात नळाचं पाणी गढूळ येतं किंवा येतच नाही. म्हणून वाळवणाच्या पेटीशेजारी माणशी दिवसाला किमान 4 लिटर पिण्याचं पाणी झाकून ठेवावं आणि दर बरणीवर वाळवल्याचा महिना लिहून जुनी आधी वापरावी.