इंजेक्शन दिलं, आता बीपी सांभाळा

अंगावरून वारं गेलं आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असं दिसलं, तर पहिल्या साडेचार तासांत मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, हे आता कोकणातही बऱ्याच जणांना माहीत झालंय. पण इंजेक्शन गेलं की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे, आणि खरा पहारा तर तिथून पुढचे २४ तास असतो, हे कोणी नीट समजावून सांगत नाही.

या इंजेक्शनात दोन औषधं वापरतात. अल्टेप्लेज असेल तर थोडं एकदम आणि बाकीचं तासाभरात सलाइनसारखं जातं, टेनेक्टेप्लेज एकाच वेळी देऊन होतं. अल्टेप्लेजचा फायदा १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसला, पण त्याच चाचणीत औषध मिळालेल्या १०० पैकी साधारण ६ जणांच्या मेंदूत तब्येत बिघडवणारा रक्तस्राव झाला, औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. म्हणून इंजेक्शनआधी बीपी १८५/११० च्या खाली लागतं आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवतात.

आता पेशंटचं वरचं बीपी १६५ दिसतंय आणि डॉक्टर काहीच करत नाहीत, की बाहेर बाकड्यावर कुजबुज सुरू, "बीपी इतक्या वाढलाहा, गोळी कित्याक देणत नाय?" काळजीपोटीच विचारतात सगळे, पण त्यामागे कारण आहे. सुपारीच्या बागेत मुख्य पाट तुंबला की शेवटच्या झाडांना आजूबाजूच्या बारीक वाटांनी पाणी मिळतं, तेही मागून जोर असेल तरच. गुठळीच्या पलीकडचा मेंदूचा भाग तसाच जगत असतो, पूर्ण मेलेला नसतो, आणि आपला रक्तपुरवठा स्वतः सावरायची त्याची ताकद त्या वेळी गेलेली असते. बीपी धाडकन पाडलं तर तो भागही जातो. कोणी घाईने जिभेखाली बीपीची गोळी फोडून देतात ना, ते मुळीच करू नका, त्याने बीपी किती आणि किती पटकन खाली येईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

मग वरचं बीपी अजून खाली, १३०-१४० पर्यंत आणलं तर? हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बघितलं गेलं. मेंदूतला रक्तस्राव कमी झाला, पण ९० दिवसांनी पेशंट किती सावरला यात काही फरक पडला नाही. बीपी सारखं वरखाली होत राहणाऱ्या पेशंटची तब्येत जास्त बिघडते असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आता बीपीमुळे तब्येत बिघडते की तब्येत बिघडल्यामुळे बीपी हलतं, हे दर वेळी वेगळं काढणं अवघड.

म्हणून तो दंडावरचा पट्टा पहिले २ तास दर १५ मिनिटांनी फुगतो, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने, मग दर तासाला. सिस्टर येऊन हात वर धरायला लावते, हसून दाखवायला सांगते, महिना कुठला ते विचारते, आणि नातेवाईक वैतागतात की झोपू पण देत नाहीत. अहो, त्यातूनच कळतं. मघाशी उचललेला हात आता पडतोय, बोलणं परत जड झालंय, डोकं भयंकर दुखतंय, उलटी झाली, बीपी एकदम चढलं, यातलं काहीही दिसलं तर औषध चालू असेल तर थांबवून लगेच सीटी करतात. दर वेळी रक्तस्रावच निघतो असं नाही, मेंदूला सूज असते, कधी उघडलेली वाहिनी परत बंद होते, कधी ती मुळात उघडलेलीच नसते, आणि कधी स्कॅनमध्ये नवीन काहीच सापडत नाही.

आपल्याकडे अजून एक गोष्ट. इंजेक्शन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि पुढचे उपचार गोव्याला बांबोळीला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला, असं होऊ शकतं. गाडी सुटायच्या आधी विचारून घ्या, वाटेत बीपी कोण बघणार, वाढलं तर शिरेतून द्यायचं औषध गाडीत आहे का, इंजेक्शन किती वाजता दिलं ते कागदावर लिहिलंय का. अ‍ॅस्पिरिन घरून आणून देऊ नका, ती साधारण २४ तासांनी परत सीटी करून रक्तस्राव नाही हे बघितल्यावरच सुरू करतात.