ग्लुकोजची पावडर आणि ओआरएसची पुडी: लांबच्या प्रवासाच्या औषधपिशवीतील दोन वेगळ्या गोष्टी

मे महिन्यात पुण्याहून नागपूर किंवा चंद्रपूरकडे कुटुंबासह गाडीने निघायचे ठरले की कपडे, चादरी, चिवडा-लाडवांचे डबे यांच्याबरोबर औषधांची एक पिशवी भरली जाते आणि त्या पिशवीसाठी मेडिकलच्या दुकानात गेलेला माणूस ‘उन्हाचे काहीतरी द्या’ असे सांगून बहुधा ग्लुकोजच्या पावडरचा डबा किंवा ओआरएसच्या चार पुड्या घेऊन येतो. दोन्हींमध्ये पांढरी पावडर असते, दोन्ही पाण्यात विरघळवून प्यायच्या असतात, दोन्हींच्या वेष्टनावर ग्लुकोजचा उल्लेख असतो आणि दुकानात त्या अनेकदा शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. त्यामुळे एक घेतली म्हणजे दुसरीची गरज उरत नाही, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ओआरएस, म्हणजे तोंडाने घ्यायचे क्षारांचे द्रावण, शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते, तर ग्लुकोजची पावडर रक्तातील घसरलेली साखर वर आणते, आणि ऐन वेळी त्यांची अदलाबदल झाली तर दोन्हींपैकी कोणतेच काम होत नाही.

ग्लुकोजच्या डब्यात जवळजवळ सगळे ग्लुकोजच असते. काही प्रकारांत थोडे कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किंवा संत्र्या-लिंबाचा स्वाद घातलेला असतो. पातळ जुलाबांत शरीरातून जाणारे सोडियम आणि पोटॅशियम त्यात भरपाईच्या प्रमाणात नसते. ओआरएसची रचना याउलट मोजूनमापून ठरवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज, अशी एकूण २०.५ ग्रॅम पावडर लागते. ओआरएसमध्ये ग्लुकोज असते ते ताकद देण्यासाठी नव्हे. लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी एक वाहक यंत्रणा असते. जुलाब चालू असतानाही ती बहुतांशी शाबूत राहते आणि सोडियम आत गेले की त्याच्यामागे पाणीही शोषले जाते. म्हणजे इथे ग्लुकोजचे काम मिठाला आणि पाण्याला आत नेण्याचे आहे, आणि त्यासाठी ते सोडियमच्या जोडीला, ठरावीक प्रमाणातच असावे लागते.

ते प्रमाण बिघडले की काय होते, हे साध्या हिशेबाने कळते. जुलाब होत असलेल्या मुलाला कोणी २०० मिलिलिटरच्या पेल्यात १५ ग्रॅम ग्लुकोज ढवळून दिले, तर त्या पेल्यातील साखर ओआरएसच्या पाचपटीहून अधिक तीव्र होते. असे दाट गोड पाणी आतड्यात पोहोचले की ते शोषले जाण्याऐवजी शरीरातलेच पाणी आतड्याकडे ओढले जाते आणि जुलाब वाढू शकतात. शिवाय मीठ गेले ते गेलेच. ग्लुकोजचे पाणी पिताना जो थंडावा जाणवतो, त्यानेही बरीच फसगत होते. ग्लुकोज विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे जीभ गार पडते एवढेच. अंगातली उष्णता त्याने उतरत नाही.

ओआरएसचा प्रभाव मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला तो १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे तोंडाने घ्यायचे द्रावण तयार करून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. नर्स किंवा डॉक्टर नसलेल्या माणसालाही हा उपचार देता येतो, हे त्या छावणीत दिसले, आणि महामार्गावरच्या गाडीत नेमकी तीच परिस्थिती असते. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या प्रवेशनियंत्रित रस्त्यावर तर मेडिकलचे दुकान शोधायचे झाले तरी आधी इंटरचेंजची वाट पाहावी लागते.

मग ग्लुकोजचा डबा घरीच ठेवावा काय? मुळीच नाही, विशेषतः गाडीत इन्सुलिन घेणारे किंवा ग्लिमेपिराइडसारख्या, साखर बरीच खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणारे आजी-आजोबा असतील तर. प्रवासात सकाळची गोळी वेळेवर घेतली जाते, पण ‘पुढच्या चांगल्या हॉटेलात जेवू’ असे म्हणत जेवण दीड-दोन तास लांबते, आणि रक्तातील साखर घसरण्यासाठी तेवढे पुरेसे असते. ग्लुकोमीटरवर ती ७० मिलिग्रॅमच्या खाली दिसली, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन ते चार सपाट लहान चमचे, थोड्या पाण्यातून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर अजूनही कमी असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि ती वर आल्यावर पोळी-भाजी किंवा असेच काही खाऊ घालावे. या वेळी ओआरएस निरुपयोगी ठरते, कारण २०० मिलिलिटरमध्ये ग्लुकोज जेमतेम पावणेतीन ग्रॅम असते. १५ ग्रॅम मिळवायचे तर लिटरभराहून अधिक प्यावे लागेल. बिस्किटे आणि चॉकलेट यांच्यातील साखर स्निग्धांशामुळे सावकाश शोषली जाते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असणाऱ्यांच्या बाबतीत तर घरातली साखरसुद्धा उशिरा लागू पडते, कारण ती फोडणाऱ्या विकरांनाच या गोळ्या अडवतात. ग्लुकोजला मात्र फोडावे लागत नाही. मधुमेही माणसाच्या सामानात ग्लुकोजचा डबा असण्याचे याहून ठोस कारण शोधूनही सापडणार नाही.

खरी अडचण अशी की मागच्या सीटवरील व्यक्ती ‘गळून गेल्यासारखे होते आहे’ असे म्हणते, तेव्हा दोन्ही कारणे सारखीच दिसू शकतात. अशा वेळी सुरुवात कशी झाली ते विचारावे. साखर घसरते तेव्हा त्रास बहुधा काही मिनिटांत सुरू होतो. हात थरथरतात, गार घाम फुटतो, एकाएकी भूक लागते, माणूस चिडचिडा होतो किंवा बोलण्यात गोंधळतो. पाणी आणि क्षार कमी होतात तेव्हा त्याआधी काही तास जुलाब, उलट्या किंवा उन्हात भरपूर घाम येऊन गेलेला असतो. तोंड कोरडे पडते, लघवी कमी आणि गडद होते, लहान मुलाचे डोळे खोल गेलेले दिसतात. मधुमेही व्यक्तीबाबत शंका असेल तर ग्लुकोमीटरच निर्णय देतो, म्हणून तो आणि त्याच्या पट्ट्या सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवाव्यात. तो जवळ नसेल आणि लक्षणे साखर घसरल्याची असतील, तर आधी ग्लुकोज द्यावे. मधुमेही माणसाला जुलाब झाले तर ‘यात साखर आहे’ म्हणून ओआरएस नाकारण्याचेही कारण नाही. ते द्यावे आणि साखर तपासत राहावे.

ओआरएस देण्यात सर्वांत जास्त चुका पाण्याच्या मापात होतात. साधारण २१ ग्रॅमची मोठी पुडी एका लिटरसाठी असते, चार-साडेचार ग्रॅमची लहान पुडी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी अर्धी फोडून पेल्यात घालणे, उरलेली दुमडून ठेवणे आणि नंतर अंदाजाने वापरणे, हे घरोघरी चालते. त्यातून लहान मुलाच्या शरीरात मीठ धोकादायक प्रमाणात वाढू शकते. प्रवासासाठी लहान पुड्याच घ्याव्यात आणि दोन्ही आकार एकत्र ठेवू नयेत, असे माझे मत आहे. आपल्याकडचे स्टीलचे पेले दीडशेपासून तीनशे मिलिलिटरपर्यंत कसलेही असतात, म्हणून निघण्यापूर्वी एखाद्या पारदर्शक बाटलीवर २०० मिलिलिटरची खूण करून ठेवावी. पुडी फक्त पिण्याच्या पाण्यात मिसळावी. दूध, फळांचा रस किंवा शीतपेय यांत नाही, आणि वरून साखरही घालू नये. तयार द्रावण चोवीस तासांनी टाकून द्यावे. तपकिरी झालेली पुडी वापरू नये. डिकीत उन्हात तापत राहिलेल्या सामानात हे घडू शकते.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने किंवा घोटाघोटाने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाचे दूध थांबवू नये. पुडी संपलीच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हा तात्पुरता पर्याय आहे. त्यात पोटॅशियम नसते, पण चमचाभर ग्लुकोजच्या पाण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

या दोघांच्या जोडीला एक तिसरा गोंधळ बाजाराने निर्माण केला होता, तो म्हणजे ओआरएस ही अक्षरे नावात मिरवणारी, खोक्यातली गोड पेये. त्यांतील साखर सूत्रापेक्षा कितीतरी अधिक आणि सोडियम कमी असल्याचे बालरोगतज्ज्ञ सांगत राहिले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने कोणत्याही खाद्यपेयाच्या नावात ओआरएस वापरण्यास मनाई केली. नाव गेले तरी इलेक्ट्रोलाइट म्हणून विकली जाणारी तशी पेये राहणारच. म्हणून वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आणि चारही घटकांचे ग्रॅममधील प्रमाण पाहूनच पुडी घ्यावी.

गाडी लागून एक-दोन उलट्या झाल्या किंवा एसीतून उतरून दहा मिनिटे उन्हात उभे राहिल्याने घाम आला, तर या दोन्ही पावडरींची गरज नसते. पाणी, मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत पुरते. एक लिटर ओआरएसमध्ये सुमारे १.७ ग्रॅम सोडियम, म्हणजे जवळजवळ सव्वाचार ग्रॅम मिठाइतके सोडियम असते, त्यामुळे रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते सरबतासारखे दिवसभर पिऊ नये आणि निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारून घ्यावे. मधुमेह असेल तर ग्लुकोजचे पाणीही ‘तरतरी येते’ म्हणून पिण्याची वस्तू नव्हे.

शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात यांपैकी काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा वेळी, तसेच शौचातून रक्त जात असेल, मूल प्यायलाही तयार नसेल किंवा निपचित पडले असेल, प्रत्येक घोट उलटून पडत असेल, किंवा सहा-आठ तासांत लघवीच झाली नसेल, तर ठरलेल्या मुक्कामापर्यंत पोहोचण्याचा हट्ट सोडून पुढच्याच इंटरचेंजला बाहेर पडावे आणि जवळचे रुग्णालय गाठावे किंवा १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. रुग्ण नीट गिळू शकत असेल, तर रुग्णालय येईपर्यंत ओआरएसचे घोट चालूच ठेवावेत.