दूरचित्रवाणी परवाना, ब्रिटनमधील

दूरचित्रवाणी परवाना, ब्रिटनमधील : वाहिन्यांवरील कार्यक्रम प्रसारणाच्या वेळीच पाहण्यासाठी वा रेकॉर्ड करण्यासाठी, तसेच बीबीसीच्या ‘आयप्लेयर’ या इंटरनेट सेवेवरील कार्यक्रम पाहण्यासाठी युनायटेड किंग्डममध्ये घ्यावा लागणारा वार्षिक परवाना. तो व्यक्तीला नव्हे, जागेला लागू असतो. त्याचे शुल्क बीबीसीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार आहे. मात्र परवान्याची गरज बीबीसी पाहण्यावर अवलंबून नाही. १ एप्रिल २०२५ पासून रंगीत संचाचे शुल्क १७४.५० पौंड व कृष्णधवल संचाचे ५८.५० पौंड होते. कृष्णधवल परवाना अजूनही दिला जातो व थोडे लोक तो घेतातही.

उगम : परवान्याचा आरंभ कोणत्या वर्षी मानावा याबाबत मतभेद आहेत. एक पक्ष १९०४ च्या बिनतारी संदेशवहन अधिनियमाकडे बोट दाखवतो. या कायद्याने बिनतारी यंत्र बसवण्यास वा चालवण्यास पोस्टमास्टर जनरलचा (टपालखात्याच्या प्रमुखाचा) परवाना आवश्यक केला. तेव्हा कार्यक्रमांचे प्रसारण अस्तित्वात नव्हते. कायदेकर्त्यांसमोर जहाजे, बंदरे आणि मार्कोनीची केंद्रे होती. दुसरा पक्ष १९२२ हे वर्ष मानतो. त्या वर्षी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी (आजच्या बीबीसीची पूर्वज संस्था) स्थापन झाली आणि घरगुती रेडिओसाठी १० शिलिंगांचा (अर्ध्या पौंडाचा) परवाना सुरू होऊन त्या रकमेतील निम्मा वाटा कंपनीस मिळू लागला. तिसरे मत, केवळ दूरचित्रवाणीपुरते पाहावयाचे तर, १९४६ चे आहे.

यांपैकी १९२२ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते, कारण ‘यंत्र ठेवण्याची अनुमती’ आणि ‘कार्यक्रमांचा खर्च’ यांची सांगड प्रथम तेव्हाच घातली गेली. तथापि ती सांगड कायद्याच्या दृष्टीने कच्ची होती. कंपनीच्या सभासद कारखानदारांनी बनवलेल्या शिक्कामोर्तब संचांनाच साधा परवाना मिळे. स्वतः भाग जुळवून संच बनवणाऱ्यांनी ‘प्रयोगकर्ता’ म्हणून अर्ज करावा अशी वाट होती, आणि असे अर्ज इतके आले की टपालखात्यात त्यांचा ढीग साचला. खरा प्रयोगकर्ता कोण आणि गाणी ऐकण्यापुरता प्रयोगकर्ता कोण हे ठरवणे शक्य नव्हते. १९२३ मध्ये सरकारने नेमलेल्या साइक्स समितीने या प्रश्नाचा विचार केला. त्याच वर्षी घरी संच बनवणाऱ्यांसाठी १५ शिलिंगांचा वेगळा परवाना निघाला. पुढे हे प्रकार मोडून १० शिलिंगांचा एकच परवाना ठेवण्यात आला.

त्याहून मूलभूत शंका वेगळीच होती. १९०४ चा कायदा संदेशांच्या वहनाविषयी बोलतो. घरात बसून नुसते ऐकणे हे त्यात मोडते काय, आणि मोडत असल्यास त्यासाठी शुल्क आकारण्याचा अधिकार पोस्टमास्टर जनरलला आहे काय? हा संशय दूर करण्यासाठी १९२५ मध्ये स्पष्टीकरणात्मक अधिनियम करावा लागला. १९२२ ते १९२५ या काळातील शुल्कवसुलीचा कायदेशीर पाया नंतर भरला गेला, असे म्हणण्यास त्यामुळे जागा आहे.

दूरचित्रवाणीची नियमित सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली व सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धामुळे थांबली. या काळात प्रेक्षकांना वेगळा परवाना नव्हता. रेडिओच्या १० शिलिंगांतच काम भागे. जून १९४६ मध्ये सेवा पुन्हा सुरू होताना रेडिओ व दूरचित्रवाणीचा २ पौंडांचा संयुक्त परवाना आला. १९४९ च्या बिनतारी संदेशवहन अधिनियमाने १९०४ च्या कायद्याची जागा घेतली. १ जानेवारी १९६८ पासून रंगीत संचासाठी ५ पौंड अधिभार, म्हणजे एकूण १० पौंड, पडू लागले. १ फेब्रुवारी १९७१ रोजी रेडिओपुरता परवाना रद्द झाला. तेव्हापासून केवळ रेडिओ ऐकणाऱ्यास काहीही भरावे लागत नाही. परवाने देण्याचे व वसुलीचे काम १९९१ मध्ये बीबीसीकडे आले. त्यातील बराचसा भाग कंत्राटी कंपन्या पाहतात. ‘टीव्ही लायसन्सिंग’ हे स्वतंत्र खाते नसून बीबीसीने या कामासाठी वापरलेले नाव आहे.

परवाना केव्हा लागतो : सध्याचा आधार २००३ चा संप्रेषण अधिनियम, विशेषतः त्याचे कलम ३६३, आणि २००४ चे परवाना विनियम हा आहे. विनापरवाना ‘दूरचित्रवाणी ग्राही’ (रिसीव्हर) बसवणे किंवा वापरणे हा गुन्हा होय. तसे करण्याच्या हेतूने तो ताब्यात ठेवणे हाही. ग्राही म्हणजे काय हे विनियमांत यंत्राच्या बनावटीवरून नव्हे तर उपयोगावरून ठरवले आहे. बिनतारी लहरींनी वा अन्य कोणत्याही मार्गाने दूरचित्रवाणी सेवा ग्रहण करण्यासाठी बसवलेले वा वापरलेले कोणतेही उपकरण ग्राही ठरते, मग त्याचा दुसराही उपयोग होत असो. त्यामुळे भ्रमणध्वनी, लॅपटॉप वा खेळाचा कन्सोल ग्राही ठरू शकतो, आणि केवळ डीव्हीडी लावण्यासाठी भिंतीवर टांगलेला मोठा पडदा ठरत नाही. संच घरात आहे एवढ्यावरून परवाना लागतो हा समज व्यापक असला तरी चुकीचा आहे.

‘अन्य कोणत्याही मार्गाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. १९४९ ची चौकट बिनतारी संदेशवहनाची होती. २००३ मध्ये परवाना तिच्यातून बाहेर काढला गेला आणि इंटरनेटवरील प्रसारणही निःसंशय कक्षेत आले. इंटरनेटच्या बाबतीत कसोटी समकालिकतेची आहे : एखादा कार्यक्रम सेवेचा भाग म्हणून जनतेस ज्या वेळी मिळतो त्याच वेळी, किंवा जवळजवळ त्याच वेळी, तो पाहिला जात आहे काय? ‘जवळजवळ’ या शब्दामुळे प्रवाह काही सेकंद मागे असल्याची सबब चालत नाही. वाहिनीचे मूळ कोणत्या देशात हे पाहिले जात नाही, अशी परवाना यंत्रणेची भूमिका आहे. म्हणजे भारतात रात्री साडेआठला लागणारी मराठी मालिका लंडनमधील कुटुंबाने दुपारी ॲपवर त्याच क्षणी पाहिली तर परवाना हवा; तीच मालिका दुसऱ्या दिवशी सवडीने पाहिली तर नको. क्रिकेटचा सामना थेट पाहणाऱ्यास ही सवलत अर्थातच फारशी उपयोगाची नाही. यूट्यूबवरील सामान्य चित्रफितींना परवाना लागत नाही, परंतु वाहिनीचे थेट प्रक्षेपण तेथे पाहिल्यास लागतो.

मागणीनुसार पाहण्याच्या सेवा या कसोटीबाहेर राहिल्याने बीबीसीचेच कार्यक्रम आयप्लेयरवर नंतर विनाशुल्क पाहता येत. ही पळवाट १ सप्टेंबर २०१६ पासून बंद करण्यात आली. इतर प्रसारकांच्या तशाच सेवांना मात्र हा बदल लागू नाही. तत्त्वाच्या दृष्टीने ही विसंगती आहे : थेट प्रसारणापुरता परवाना सर्व वाहिन्यांसाठी, आणि मागणीनुसार पाहण्यापुरता एकाच संस्थेसाठी.

‘घर’ कशाला म्हणावे : परवाना एका जागेपुरता असतो व तेथे राहणाऱ्या कुटुंबाच्या सर्व उपकरणांना पुरतो, संच एक की पाच याने फरक पडत नाही. अडचण येते ती एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे असली म्हणजे. व्यवहारात भाडेकरार पाहिला जातो. सर्वांचा करार एकत्र असेल तर साधारणतः एक परवाना पुरतो. प्रत्येक खोलीचा करार वेगळा असेल तर स्वतःच्या खोलीत पाहणाऱ्याने वेगळा परवाना घ्यावयाचा. घरमालकाचा नातलग किंवा घरकामास ठेवलेली व्यक्ती त्याच इमारतीत राहत असल्यास मालकाच्या परवान्यात येते, परका पोटभाडेकरू येत नाही. आवारातच पण स्वतंत्र सोयी असलेले बिऱ्हाड वेगळे धरले जाते. दुसऱ्या घरासही दुसरा परवाना लागतो.

विद्यार्थ्यांसाठीचा नियम थोडा चमत्कारिक आहे. आईवडिलांच्या ब्रिटनमधील घराचा परवाना असेल, तर वसतिगृहातील मुलास केवळ अंतर्गत बॅटरीवर चालणाऱ्या व अँटेनास न जोडलेल्या उपकरणावर पाहता येते. तेच उपकरण पाहताना भिंतीतील विजेला जोडले तर हे संरक्षण सुटते. हातात धरून चालवायच्या छोट्या संचांच्या काळातील ही तरतूद आज चार्जरच्या तारेवर येऊन ठेपली आहे. शिक्षणासाठी महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याला तिचा लाभ नाही, कारण घरचा ब्रिटिश परवानाच नसतो.

सवलती : तीव्र दृष्टिदोष असणाऱ्यांना शुल्क निम्मे असते. ७५ वर्षांवरील सर्वांस २००० पासून परवाना मोफत होता. १ ऑगस्ट २०२० पासून तो ‘पेन्शन क्रेडिट’ (अल्प उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारे सरकारी साहाय्य) मिळणाऱ्या कुटुंबांपुरता राहिला. वृद्धाश्रमांसारख्या निवासी संस्थांत पात्र रहिवाशांस खोलीमागे ७.५० पौंड पडतात.

तपास व शिक्षा : गुन्ह्यास कमाल १,००० पौंड दंड आहे. कारावास मूळ गुन्ह्यास नाही. न्यायालयाने केलेला दंड हेतुतः न भरल्यास तो होऊ शकतो. भेटीस येणाऱ्या अधिकाऱ्यास घरात शिरण्याचा अंगभूत अधिकार नसतो. त्यासाठी २००३ च्या अधिनियमाच्या कलम ३६६ खाली दंडाधिकाऱ्याचे वॉरंट लागते. थेट प्रसारण न पाहणाऱ्याने तसे कळवण्याची कायदेशीर सक्ती नाही, पण न कळवल्यास पत्रे येत राहतात.

विनापरवाना संच हुडकण्यासाठी १९५२ पासून रस्त्यांवर फिरवल्या गेलेल्या शोधक गाड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. जुन्या संचांतील विद्युत मंडलांमधून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी टिपणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते, यात शंका नाही. मात्र असा पुरावा वॉरंट मिळवण्यापुरताच वापरला जातो, खटल्यात मांडला जात नाही. त्यामुळे न्यायालयात त्याची उलटतपासणीही झालेली नाही. गाड्यांचा खरा उपयोग धाकासाठी होता, हे मत अधिक पटते. वसुलीची खरी भिस्त पत्त्यांच्या यादीवर आहे. संच विकणाऱ्या दुकानदाराने ग्राहकाचे नाव व पत्ता कळवण्याचे १९६७ च्या कायद्याने घातलेले बंधन २०१३ मध्ये उठले.

दोषी ठरणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांश आहे. दिवसा दार उघडण्यास घरी कोण असते याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. हा फौजदारी गुन्हा राहू नये अशी मागणी अनेकदा झाली. या प्रश्नावर सरकारने मागवलेल्या २०१५ च्या पेरी अहवालाने ती मान्य केली नाही, आणि सरकारनेही जानेवारी २०२१ मध्ये बदल पुढे ढकलला.

स्वरूप : शुल्क हे सेवेचे मोल की कर, हा वाद जुना आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००६ मध्ये त्याचे वर्गीकरण ‘सेवाशुल्क’ यातून ‘कर’ यात बदलले. बीबीसी न पाहणाऱ्यासही ते द्यावे लागत असल्याने हे वर्गीकरण योग्य दिसते. जर्मनीने २०१३ मध्ये उपकरणाचा संबंध तोडून घरटी वर्गणी लावली. फिनलंड व स्वीडनने उत्पन्नाशी निगडित कर स्वीकारला. फ्रान्सने २०२२ मध्ये शुल्क रद्द केले. ब्रिटनमध्ये बीबीसीची सध्याची राजसनद (तिच्या कारभाराचा मूळ दस्तऐवज) ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे.

भारतातील समांतर : ब्रिटिश पद्धतीचेच रूप भारतात होते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत केंद्र सुरू करणाऱ्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे उत्पन्न मुख्यतः १० रुपयांच्या वार्षिक रेडिओ परवान्यावर आधारलेले होते. परवानाधारक थोडे राहिल्याने ती १९३० मध्ये बंद पडली. १९३३ च्या भारतीय बिनतारी संदेशवहन अधिनियमाने विनापरवाना यंत्र नुसते बाळगणेही गुन्हा ठरवले. या बाबतीत तो आजच्या ब्रिटिश कायद्याहून कडक होता. नूतनीकरण टपाल कार्यालयात होई. १९७० च्या दशकात रेडिओस १५ व दूरचित्रवाणी संचास ५० रुपये वार्षिक शुल्क असे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यावर महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारचे परवाने वाढले. १९८० च्या दशकाच्या मध्यास ही पद्धत बंद झाली व दोन्ही सेवांचा खर्च सरकारी अनुदान आणि जाहिराती यांवर आला.