लेबलावरच्या पट्ट्या आखायच्या कोणी?

भोसरीच्या एमआयडीसीत माल भरलेला टेम्पो गेटवर उभा असतो आणि शेवटच्या बिनवरचं, म्हणजे माल ठेवायच्या खोक्यावरचं, बारकोडचं लेबल काही केल्या वाचलं जात नाही. सुपरवायझर स्कॅनर दोनदा, तीनदा फिरवतो. पट्ट्या तर डोळ्यांना स्वच्छ दिसतात. हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिलाय, की या पट्ट्या छापायची पद्धत कशी घडत गेली ते नीट सांगावंसं वाटतं.

बारकोड तसा जुना. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना त्याचं पेटंट १९५२ साली मिळालं. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय इथे च्युइंगमचं पाकीट दुकानाच्या काउंटरवर स्कॅन झालं. पण वाण्याकडच्या मालाचा कोड वेष्टनासोबत छापखान्यातच छापून येतो. कारखान्यात बिनगणिक नंबर बदलतो, त्यामुळे लेबल जागेवरच काढावं लागतं.

त्यासाठी आधी हाताशी होता डॉट मॅट्रिक्स, म्हणजे सुयांनी टिंबं मारून छापणारा प्रिंटर. त्याला मजकूर पाठवला की अक्षरं उमटत. वेगळं काही करून घ्यायचं तर आधी 'एस्केप' हा २७ क्रमांकाचा, कागदावर न उमटणारा संकेत धाडायचा. पुढचं छापायचं नाही, तो हुकूम आहे, हे प्रिंटरला त्यावरून कळे. पट्टी काढायची तर कोणती सुई कधी मारायची, हे प्रोग्रामरने टिंबाटिंबाने सांगायचं. फार कष्टाचं काम.

पुढे बारकोडसाठीच बनवलेले प्रिंटर आले. डेटा स्पेशल्टीज या कंपनीने १९८२ मध्ये असा प्रिंटर आणला. १९८६ पासून ती झेब्रा म्हणून ओळखली जाते. प्रिंटरला हुकूम द्यायच्या तिच्या झेडपीएल भाषेत लेबल 'कॅरेट एक्सए'ने (कॅरेट म्हणजे ^ ही खूण) सुरू होतं आणि 'कॅरेट एक्सझेड'ने संपतं. मध्ये 'कॅरेट बीसी' म्हणजे कोड १२८ या प्रकारचा बारकोड, आणि 'कॅरेट एफडी'पुढे नंबर. पट्ट्या आखणं, कोड बरोबर वाचला गेला का ते पडताळायचं तपासणीचं चिन्ह काढणं, सगळं प्रिंटर करतो. माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी सुधारणा हीच.

भोसरीतल्या लेबलाचं दुखणंही इथेच सापडतं. २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ टिंबांचा, प्रिंटर एका मिलिमीटरात ८ टिंबं मारतो. अर्धं टिंब त्याला मारता येत नाही. कुणी बारकोडचं चित्र ताणून लेबलात बसवलं आणि बारीक पट्टी ०.३३ मिमीची झाली, तर हिशेब २.६४ टिंबांचा येतो. मग एक पट्टी २ टिंबांची, शेजारची ३ टिंबांची. डोळ्याला फरक कळत नाही. स्कॅनर मात्र रुंदीच मोजत असतो. 'कॅरेट बीवाय ३' पाठवलं की प्रत्येक बारीक पट्टी नेमकी ३ टिंबांची, म्हणजे ०.३७५ मिमीची पडते.

चित्र पूर्णपणे टाळता येतं असंही नाही. पुष्कळ लेबल प्रिंटरांत देवनागरी अक्षरं मुळात नसतात. म्हणून मालाचं मराठी नाव चित्र करून पाठवावं लागतं, आणि त्याच्याच खाली कोड मात्र आज्ञा देऊन.