३० सप्टेंबरनंतर येणारी मुलं : स्थलांतर आणि शाळेची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शिक्षकांची पदं ठरतात ३० सप्टेंबरच्या पटावर. नागपूरभोवतीच्या वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो दिवाळीनंतर. कामठी, मौदा, पारशिवनी या भागांतल्या भट्टीवर आईबापांसोबत आलेलं मूल त्यामुळे संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांच्या मंजुरीत, धरलंच जात नाही. गावच्या पटावर नाव आहे, पण मूल तिथे नाही. इथे मूल आहे, पण पटावर नाव नाही. डिसेंबरात वर्गात वीस मुलं वाढली तरी त्या वर्षी शिक्षक वाढत नाही. मुख्याध्यापक अशा मुलांना दाखल करून घ्यायला का कचरतात, त्याचं निम्मं उत्तर या तारखेत आहे.

शिक्षणाच्या योजना आखताना स्थलांतराचा हिशेब धरावा, हे आता जगभर बोललं जातं. युनेस्कोचा २०१९ चा जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर होता. आपल्याकडे मात्र या प्रश्नाला हात घातला गेला तो उसाच्या फडात. मराठवाड्यातून कोयत्याच्या जोड्या, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, कारखान्यांकडे निघाल्या की पोरंही निघत. त्यांच्यासाठी कारखान्याच्या तळावर साखरशाळा निघाल्या, जनार्थसारख्या संस्थांनी त्या चालवल्या. शाळा मुलामागे नेण्याचा हा प्रयोग होता. अडचण अशी की तळ हलला की शाळा मोडायची, आणि तिथे शिकलेलं गावच्या शाळेच्या नोंदीत येत नसे. मग विचार उलटा झाला : मूलच गावी ठेवा. त्यातून हंगामी वसतिगृहं आली. आजी किंवा काका-काकूंकडे राहणाऱ्या मुलाला हंगामभर जेवण आणि शाळेनंतरची देखरेख मिळू लागली. बीड, जालन्याकडे ही वाट बऱ्यापैकी रुळली.

नागपूरला ती लागू पडत नाही. उसाचं स्थलांतर मुख्यतः राज्यातल्या राज्यात होतं. मूल ज्या गावातून निघतं ते गाव आणि ज्या फडात पोचतं तो फड, बहुतेक वेळा एकाच शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. नागपूरच्या भट्ट्यांवरच्या अनेक जोड्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि छत्तीसगडातून येतात. तिकडच्या खेड्यात महाराष्ट्र सरकार वसतिगृह उघडणार कसं? गंमत अशी की १९५६ पर्यंत हा सगळा एकच मुलूख होता, आधी मध्य प्रांत, १९५० पासून मध्य प्रदेश, आणि राजधानी नागपूर. राज्यपुनर्रचनेने मध्ये सीमा आखली. मजुरांची वाट तीच राहिली, फक्त पोरांच्या शाळेची भाषा, पुस्तकं आणि खातं बदललं.

कायद्यांनी हा सांधा फार उशिरा पाहिला. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात मजुराच्या मजुरीपासून निवाऱ्यापर्यंत तरतुदी होत्या (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली). मुलांच्या शाळेबद्दल त्यात काही नव्हतं. भट्टीवर हिशेब हजार विटांमागे, जोडीचा होतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या नावावर असते, म्हणजे बायकोही नोंदीत नाही, तिथे पोरांचं काय! २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, पहिल्यांदा नेमकं बोलला. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम ठरलं. मागे पडलेल्या मुलाला किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं विशेष प्रशिक्षण, असं नियम सांगतात.

कागदावर हे नेटकं आहे. प्रत्यक्षात नऊ वर्षांची मुलगी चौथीत बसते, तिला वाचता येतं पहिलीइतकं, तेही हिंदी. आणि भट्ट्यांजवळच्या जिल्हा परिषद शाळा बहुतेक मराठी माध्यमाच्या. लिपी देवनागरीच असल्याने अक्षरं जुळतात, पण ‘ळ’ आणि जोडाक्षरांपाशी गाडी अडते. गणितात ती पहिल्याच आठवड्यात पुढे जाते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. विशेष प्रशिक्षणाचे तीन महिने पुरे होतात तोवर हंगाम उतरणीला लागलेला असतो. मध्य प्रदेशात पाचवी-आठवीला बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा आहेत आणि त्या भर हंगामात येतात. त्या वर्गातल्या मुलाला परीक्षेपुरतं गावी पाठवायचं की इथेच ठेवायचं, हे जानेवारीतच आईबापांशी बोलून ठरवावं लागतं.

मोजणीचीही तीच गत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस. दिवाळीनंतर आलेली जोडी पाऊस पडेपर्यंत राहिली तर सहा महिने ओलांडते आणि या व्याख्येतून निसटते.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणातून ही मुलं निसटतात ती वेगळ्या कारणाने. पाथणी, म्हणजे विटा पाडण्याचं काम, पहाटेच्या अंधारात सुरू होते, दुपारी उन्हात माणसं झोपडीत निजलेली असतात. सकाळी अकराला गेलेल्या शिक्षकाला दिसतात ओल्या विटांच्या रांगा आणि त्या उलटणारी, कडेवर धाकटं भावंड घेतलेली मुलगी. ती विचारल्यावर ‘शाळेत जाते’ म्हणते. ५ ते २० जुलै २०२२ ला झालेल्या ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’सारख्या मोहिमेचा मुहूर्त तर भट्ट्या ओस पडलेल्या असतानाचा! भट्टीवर जायचं ते संध्याकाळी, आठवड्याची खर्ची वाटतात त्या दिवशी. मुकादमाच्या वहीत जोड्यांची नावं असतात. त्यावरून झोपडीनिहाय मुलं लिहायची, नोव्हेंबरअखेर एकदा आणि जानेवारीत पुन्हा, कारण उशिरा येणाऱ्या जोड्या असतातच.

कागद प्रवास करू लागला तो संगणकामुळे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये सरल ही विद्यार्थ्यांच्या नोंदींची संगणकप्रणाली आली, पण ती राज्याच्या हद्दीपुरती. युडायस प्लस या देशभरच्या शालेय नोंदप्रणालीत २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होऊ लागली आणि त्याला ‘पेन’ हा कायमचा शैक्षणिक क्रमांक मिळाला. हा क्रमांक राज्य ओलांडून चालतो. मात्र जुन्या शाळेने मुलाला ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय नवी शाळा ते उचलू शकत नाही, आणि पट घटेल म्हणून जुनी शाळा टाकत नाही. फोन करून, ‘जूनमध्ये मूल परत पाठवतो’ असं सांगून मार्ग काढावा लागतो. पालकांकडे पेन नसतोच. मध्य प्रदेशातल्या मुलाचा समग्र आयडी (तिथल्या सरकारचा ओळख क्रमांक) बहुधा असतो, तो तिथल्या शिक्षकाला सांगितला की शोध सोपा होतो. तोवर मूल वर्गात बसवायचं आणि पोषण आहार पहिल्या दिवसापासून द्यायचा; आधार जुळेपर्यंत थांबवलेलं मूल आठवडाभरात भट्टीवर परत दिसतं.

परतीचा कागद १ मेच्या निकालासाठी राखून ठेवू नये. हिशेब मिटला की कुटुंब त्याच रात्री गाडी पकडतं, शाळेला कळतही नाही. प्रगतीची एक पानी नोंद हिंदीत, वर पेन क्रमांक आणि दोन्ही शाळांचे फोन, एप्रिलच्या मध्यालाच आईच्या हातात द्यावी. पिठाच्या डब्यात रेशनकार्ड ज्या पिशवीत असतं, त्याच पिशवीत ती जाते.