एनडीए आणि एनडीसी: शेवटच्या अक्षराचा घोळ

शेजारची अकरावीतली मुलगी परवा एका क्लासचं पत्रक घेऊन आली. वर खडकवासल्याच्या सुदान ब्लॉकचा, म्हणजे एनडीएच्या मुख्य इमारतीचा घुमट, खाली ठळक अक्षरांत ‘नॅशनल डिफेन्स कॉलेज प्रवेश तयारी’. “काका, याचा फॉर्म कधी निघतो?”

या कॉलेजचा फॉर्म निघतच नाही. तिथे सरकार पाठवतं, तेही निम्मं आयुष्य नोकरीत गेल्यावर. आमच्या नाशिकला देवळालीचा तोफखाना, भोसला मिलिटरी स्कूल, घरोघरी फौजी माणसं. इथे तरी ही चूक छापली जायला नको होती.

तिला हवी होती ती एनडीए, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमी, जिथे सैन्यदलांचे भावी अधिकारी घडतात. पुण्याजवळ खडकवासल्याला, 1955 पासून. बारावीच्या जोरावर यूपीएससीची परीक्षा, मग एसएसबी म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, मेडिकल आणि तीन वर्षांचं कसून प्रशिक्षण. मुलींना 2022 पासून प्रवेश आहे.

एनडीसी, म्हणजे पत्रकावर छापलेलं नॅशनल डिफेन्स कॉलेज, आहे दिल्लीत, तीस जानेवारी मार्गावर. पूर्वी आपले मोजके वरिष्ठ अधिकारी अशा अभ्यासासाठी लंडनच्या इम्पीरियल डिफेन्स कॉलेजात जात. स्वतंत्र देशाने आपल्या संरक्षणाचा विचार परक्याच्या वर्गात किती दिवस शिकायचा? त्याच धर्तीवर आपलं कॉलेज उभं राहिलं आणि 27 एप्रिल 1960 रोजी पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. इथे परेड नाही, नेमबाजी नाही. ब्रिगेडियर आणि नौदल-हवाई दलातले त्यांच्या बरोबरीचे अधिकारी, सहसचिव दर्जाचे सनदी अधिकारी आणि मित्रदेशांचे अधिकारी जवळजवळ वर्षभर एकत्र बसतात. अर्थव्यवस्था, समाज, तंत्रज्ञान, परराष्ट्र संबंध असे विषय, सीमाभागाचे दौरे, प्रबंध. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती ही सरमिसळ. युद्ध एकट्या लष्कराचं नसतं. रेल्वे, धान्य, पैसा, मुत्सद्देगिरी सगळं त्यात ओढलं जातं. ती खाती चालवणारी माणसं आधीपासून एकमेकांना ओळखत असली, तर अडीअडचणीला नुसता फोन पुरतो.

खडकवासल्याहून निघालेला कॅडेट एनडीसीपर्यंत पोचायला पंचवीसेक वर्षं जातात, आणि पोचतात थोडेच.

पत्रकावरचं ‘कॉलेज’ पेनाने खोडून मी ‘अकॅडमी’ लिहिलं. तिला नौदलात जायचंय. म्हटलं, मग भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित सोडू नकोस, बारावीला तिन्ही लागतात.